मायक्रोकंट्रोलरद्वारे सर्वो मोटरचे नियंत्रण

मायक्रोकंट्रोलरद्वारे सर्वो मोटरचे नियंत्रण म्हणजे मायक्रोकंट्रोलरने, अर्थात सूक्ष्मनियंत्रकाने, तयार केलेल्या विद्युत संकेतांच्या साहाय्याने सर्वो मोटरच्या शाफ्टचा कोन आणि त्या कोनापर्यंत पोहोचण्याचा वेग ठरवण्याची पद्धत होय. यंत्रमानवाचे हात, प्रतिकृती विमानांचे सुकाणू, कॅमेऱ्याची फिरती बैठक, झडपा आणि शैक्षणिक प्रकल्प यांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

छंदी व शैक्षणिक वापरातील लहान सर्वो मोटरला मायक्रोकंट्रोलरकडून केवळ स्थानाची आज्ञा मिळते. वेगाची आज्ञा तिला समजत नाही. त्यामुळे अपेक्षित वेग हा ठरावीक कालांतराने दिलेल्या स्थानांच्या मालिकेतून आज्ञावलीत घडवावा लागतो. तसेच आज्ञा दिलेल्या कोनावर शाफ्ट प्रत्यक्षात पोहोचला की नाही, याची माहिती अशा मोटरकडून मायक्रोकंट्रोलरला परत मिळत नाही. या दोन मर्यादा लक्षात घेतल्याशिवाय सर्वो मोटरवर आधारित यंत्रणेची सुरक्षित रचना करता येत नाही.

नाव आणि इतिहास

‘सर्वो’ हा शब्द ‘सेवक’ किंवा ‘दास’ या अर्थाच्या ‘सर्वुस’ या लॅटिन शब्दावरून आला आहे. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाफेच्या जहाजांच्या सुकाणूसाठी वापरायच्या यंत्रणेला ‘सर्वो-मोटर’ असे नाव दिले. सुकाणूधर चाक जितके फिरवील तितकेच वाफेच्या इंजिनाने जड सुकाणू वळवावे आणि तेथेच थांबावे, ही त्यामागील कल्पना होती. आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थान यांची सतत तुलना करून त्यांतील फरक शून्याकडे नेणे, हे तत्त्व आजच्या लहान सर्वो मोटरमध्येही तसेच आहे.

फीडबॅकचा वापर त्याआधीही होत होता. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाचा वेग स्थिर ठेवण्यासाठी केंद्रोत्सारी गव्हर्नर वापरला आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये अशा गव्हर्नरांच्या स्थैर्याचे गणिती विश्लेषण केले.

१९७० च्या दशकात एकाच चिपवर प्रक्रियक, स्मृती आणि निविष्टी-निर्गम यांची सोय असलेले मायक्रोकंट्रोलर बाजारात आले. इंटेल कंपनीचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर १९८० मध्ये आला आणि पुढे भारतातील अभियांत्रिकी व तंत्रनिकेतन अभ्यासक्रमांत दीर्घकाळ शिकवला गेला. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पामुळे इलेक्ट्रॉनिक्सची पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्यांनाही सर्वो मोटर हाताळणे सोपे झाले.

सर्वो मोटरची रचना

लहान सर्वो मोटरच्या पेटीत चार भाग असतात.

१. डीसी मोटर : ही वेगाने फिरते, परंतु तिचा टॉर्क कमी असतो.
२. गिअरमाला : प्लॅस्टिक किंवा धातूच्या दातेरी चक्रांमुळे वेग कमी होतो आणि टॉर्क वाढतो.
३. पोटेन्शिओमीटर : हा बाहेरील शाफ्टला जोडलेला असतो. शाफ्टच्या कोनानुसार त्याच्या मधल्या टोकावरील व्होल्टेज बदलते.
४. नियंत्रण मंडल : हे आलेल्या संकेताची आणि पोटेन्शिओमीटरने दाखवलेल्या कोनाची तुलना करून मोटर कोणत्या दिशेने व किती जोराने फिरवायची ते ठरवते.

मोटरमधून तीन वायरी बाहेर येतात. तपकिरी किंवा काळी वायर ग्राउंडची, लाल वायर धन पुरवठ्याची आणि नारिंगी, पिवळी किंवा पांढरी वायर संकेताची असते. फीडबॅकचे संपूर्ण वर्तुळ पेटीच्या आतच पूर्ण होते. पोटेन्शिओमीटरचे व्होल्टेज बाहेर येत नसल्याने मायक्रोकंट्रोलरच्या दृष्टीने हे नियंत्रण एकतर्फी ठरते.

एसजी९० या नावाने ओळखली जाणारी सुमारे ९ ग्रॅम वजनाची मोटर विद्यार्थ्यांमध्ये सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्या माहितीपत्रकात ४.८ व्होल्टला ६० अंश फिरण्यास ०.१ सेकंद आणि १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर इतका कमाल टॉर्क दिलेला असतो. हा वेग भाररहित अवस्थेतील असून हा टॉर्क शाफ्ट अडून राहिलेल्या अवस्थेतील असतो. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

नियंत्रण संकेत

सर्वो मोटरला सुमारे दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, एक पल्स दिली जाते. पल्सचा कालावधी कोन ठरवतो. सर्वसाधारण संकेतानुसार १ मिलिसेकंदाची पल्स एका टोकाचा, १.५ मिलिसेकंदाची मध्याचा आणि २ मिलिसेकंदाची दुसऱ्या टोकाचा कोन दर्शवते. या दोन टोकांमध्ये ९० अंशांचे अंतर असते. १८० अंश फिरणाऱ्या मोटरींना त्याहून अधिक, सुमारे ०.५ ते २.५ मिलिसेकंदांचा पल्ला लागतो. दोन्ही बाबतींत एका अंशाला साधारणपणे ११.१ मायक्रोसेकंद येतात. प्रत्यक्ष टोके प्रत्येक मोटरमध्ये थोडी वेगळी असल्याने ती मोजून घ्यावी लागतात.

हा संकेत पल्स विड्थ मॉड्युलेशनचाच एक प्रकार असला, तरी डीसी मोटरचा वेग किंवा एलईडीचा प्रकाश बदलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संकेताहून त्याचा अर्थ वेगळा आहे. तेथे चालू आणि बंद काळाचे प्रमाण महत्त्वाचे असते. सर्वो मोटरमध्ये मात्र पल्सची प्रत्यक्ष रुंदीच महत्त्वाची असते. दोन पल्समधील अंतर २० ऐवजी १८ मिलिसेकंद झाले तरी कोनात लक्षणीय फरक पडत नाही, परंतु पल्सची रुंदी १०० मायक्रोसेकंदांनी बदलल्यास शाफ्ट सुमारे ९ अंशांनी सरकतो. याच कारणाने आर्डुइनो उनोच्या बहुतेक पिनांवर मिळणारा सुमारे ४९० हर्ट्झचा नेहमीचा संकेत सर्वो मोटरसाठी उपयोगी नाही, कारण त्याचे संपूर्ण आवर्तनच जेमतेम २ मिलिसेकंदांचे असते.

टायमरच्या साहाय्याने पल्सनिर्मिती

पिन उच्च करणे, काही काळ थांबणे आणि पिन नीच करणे, अशा सरळ आज्ञांनीही पल्स तयार करता येते. मात्र मधल्या काळात इंटरप्ट आल्यास पल्स लांबते आणि शाफ्ट थरथरतो. शिवाय थांबण्याच्या काळात मायक्रोकंट्रोलर दुसरे काम करू शकत नाही. म्हणून पल्सनिर्मितीचे काम हार्डवेअर टायमरकडे सोपवले जाते.

आर्डुइनो उनोमधील एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर १६ मेगाहर्ट्झ घड्याळावर चालतो. त्याच्या १६ बिटांच्या टायमर १ ला ८ चा प्रीस्केलर लावल्यास टायमर दर ०.५ मायक्रोसेकंदाला एकने वाढतो. ४०,००० मोजण्यांनंतर तो शून्यावर येईल अशी व्यवस्था केल्यास नेमका २० मिलिसेकंदांचा आवर्तकाल मिळतो. तुलना रजिस्टरमध्ये ठेवलेली संख्या पल्सची रुंदी ठरवते :

१ मिलिसेकंद : २,००० मोजण्या
१.५ मिलिसेकंद : ३,००० मोजण्या
२ मिलिसेकंद : ४,००० मोजण्या

म्हणजे ९० अंशांसाठी २,००० पायऱ्या उपलब्ध होतात. याउलट त्याच चिपमधील ८ बिटांचा टायमर १,०२४ च्या प्रीस्केलरसह वापरल्यास एक मोजणी ६४ मायक्रोसेकंदांची होते आणि त्याच ९० अंशांसाठी जेमतेम १५ ते १६ पायऱ्या उरतात. शाफ्ट एका वेळी सुमारे ६ अंशांच्या उड्या मारतो. सर्वो मोटरसाठी १६ बिटांचा टायमर निवडण्याचे कारण हेच आहे.

आर्डुइनोची सर्वो लायब्ररी ही सर्व मांडणी आपोआप करते. उनोवर ती १२ पर्यंत मोटरी चालवू शकते, मात्र टायमर १ ताब्यात घेत असल्याने पिन ९ आणि १० वरील नेहमीचा पल्स विड्थ मॉड्युलेशन संकेत बंद होतो. या लायब्ररीत कोन पूर्णांकी अंशांत देता येतो किंवा पल्सची रुंदी थेट मायक्रोसेकंदांत देता येते. अधिक मोटरी लागल्यास पीसीए९६८५ सारखी स्वतंत्र चिप वापरली जाते. तिच्यात १६ वाहिन्या असून १२ बिटांच्या मोजणीमुळे २० मिलिसेकंदांच्या आवर्तनात सुमारे ४.९ मायक्रोसेकंदांची पायरी मिळते.

वेगाचे नियंत्रण

नवा कोन मिळताच सर्वो मोटर तिच्या क्षमतेनुसार जास्तीत जास्त वेगाने तेथे जाते. एसजी९० साठी हा वेग भाररहित अवस्थेत सेकंदाला ६०० अंश, म्हणजे दर २० मिलिसेकंदांना १२ अंश इतका असतो. यापेक्षा अधिक वेग आज्ञावलीने मिळवता येत नाही. कमी वेग हवा असल्यास अंतिम कोन एकदम न देता मधले कोन क्रमाने द्यावे लागतात.

त्यासाठी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : सुरुवातीचा कोन, शेवटचा कोन आणि प्रवासाला लागणारा एकूण काळ. एकूण काळाला २० मिलिसेकंदांनी भागल्यास पायऱ्यांची संख्या मिळते. प्रत्येक आवर्तनात नवी पल्स रुंदी काढून टायमरला दिली जाते. २० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतराने नवी आज्ञा देण्यात लाभ नसतो, कारण पुढची पल्स निघेपर्यंत ती मोटरपर्यंत पोहोचतच नाही.

उदाहरण : सेमाफोर सिग्नलची प्रतिकृती

अमरावती जिल्ह्यातील दर्यापूरवरून जाणारा मूर्तिजापूर–अचलपूर हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा अरुंद मापी मार्ग ‘शकुंतला’ या नावाने वऱ्हाडात परिचित आहे. १९९४ पर्यंत या गाडीला वाफेचे इंजिन होते. वाफेच्या इंजिनांच्या काळात भारतीय रेल्वेवर सेमाफोर सिग्नल हे गाडीला थांबा किंवा पुढे जा असे सांगण्याचे प्रमुख साधन होते. त्याचा हात आडवा असेल तर ‘थांबा’ आणि खाली झुकलेला असेल तर ‘पुढे जा’ असा अर्थ होत असे. केवळ दोन कोन आणि त्यांच्यामधील संथ हालचाल, एवढीच या सिग्नलची गरज असल्याने त्याची प्रतिकृती सर्वो नियंत्रणाच्या अभ्यासासाठी सोयीची आहे.

समजा, हात आडवा असताना पल्स १,५०० मायक्रोसेकंद आणि ४५ अंश झुकल्यावर २,००० मायक्रोसेकंद आहे. अंतिम कोन थेट दिल्यास मोटर सुमारे ०.०८ सेकंदात तेथे पोहोचते. हात झटक्याने पडतो, दांडी हिसकते आणि खऱ्या सिग्नलची हालचाल दिसत नाही. हालचाल १.५ सेकंदांत व्हावी असे ठरवल्यास वेग सेकंदाला ३० अंश होतो. एकूण ७५ आवर्तने मिळतात, म्हणून प्रत्येक आवर्तनात ०.६ अंश किंवा सुमारे ६.६७ मायक्रोसेकंद इतका बदल करावा लागतो.

येथे दोन अडचणी उद्भवतात. पहिली अडचण पूर्णांकांची आहे. दर आवर्तनात ६ मायक्रोसेकंद मिळवत गेल्यास ७५ आवर्तनांनंतर एकूण ४५० मायक्रोसेकंदच होतात आणि हात ४५ ऐवजी ४०.५ अंशांवर थांबतो. म्हणून मागील किमतीत ठरावीक भर घालण्याऐवजी प्रत्येक वेळी मूळ किमतीपासून नव्याने गणना करावी : पल्स बरोबर १,५०० अधिक, ५०० गुणिले आवर्तनाचा क्रमांक भागिले ७५. या पद्धतीत प्रत्येक पायरीवर थोडी त्रुटी राहिली तरी ती साचत नाही आणि शेवटचा कोन अचूक मिळतो.

दुसरी अडचण मृतपट्ट्याची आहे. आज्ञा आणि प्रत्यक्ष कोन यांतील फरक एका मर्यादेपेक्षा कमी असेल, तर मोटर हालत नाही. ही मर्यादा नसती तर मोटर एकाच जागी सतत पुढेमागे थरथरत राहिली असती. एसजी९० च्या माहितीपत्रकात हा मृतपट्टा १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सुमारे ०.९ अंशाचा असतो. वरील उदाहरणातील ६.६७ मायक्रोसेकंदांची पायरी त्याहून लहान असल्याने मोटर प्रत्येक आवर्तनात न हलता काही आवर्तने थांबून हलते. वेग जितका कमी, तितके हे अडखळणे अधिक दिसते.

यावरचा सोपा उपाय यांत्रिक आहे. मोटरच्या भुजेला दांडी जोडताना तरफेचे प्रमाण असे ठेवावे की मोटर ९० अंश फिरल्यावर सिग्नलचा हात ४५ अंश झुकेल. मग त्याच १.५ सेकंदांत दर आवर्तनाला सुमारे १३.३ मायक्रोसेकंदांची पायरी मिळते. ती मृतपट्ट्यापेक्षा मोठी असते आणि हातावरील दृश्य उडी निम्मी होते. शिवाय हातावर मिळणारा टॉर्क सुमारे दुप्पट होतो.

मृदू सुरुवात आणि मृदू शेवट

वरील पद्धतीत वेग क्षणात शून्यावरून ३० अंश होतो आणि शेवटी तितक्याच क्षणात शून्यावर येतो. लांब किंवा जड भुजेला यामुळे हिसका बसतो. म्हणून वेग हळूहळू वाढवून मध्ये स्थिर ठेवला जातो व शेवटी हळूहळू कमी केला जातो. वेग आणि काळ यांच्या आलेखाच्या आकारावरून याला समलंब वेगरेखा म्हणता येईल.

कोसाइन फलाचा वापर हा दुसरा मार्ग आहे. एकूण काळाचा जितका अंश संपला असेल त्याला १८० अंशांनी गुणून त्या कोनाची कोसाइन किंमत काढावी, ती १ मधून वजा करावी आणि येणाऱ्या संख्येला एकूण अंतराच्या निम्म्याने गुणावे. त्या क्षणापर्यंत कापायचे अंतर यातून मिळते. या पद्धतीत मधला कमाल वेग सरासरी वेगाच्या सुमारे १.५७ पट असतो. वरील उदाहरणात तो सेकंदाला सुमारे ४७ अंश होतो, म्हणजे मोटरच्या मर्यादेच्या बराच आत राहतो. मोठ्या अंतराची जलद हालचाल आखताना हा कमाल वेग मोटरच्या भारासहित वेगापेक्षा कमी आहे ना, हे तपासावे लागते. तसे नसेल तर मोटर आज्ञेच्या मागे पडते आणि आखलेली मृदू हालचाल मिळत नाही.

वीजपुरवठा

मायक्रोकंट्रोलरची पिन सर्वो मोटरला केवळ संकेत देण्यासाठी असते. एटीमेगा३२८पीच्या एका पिनेवरील प्रवाहाची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, तर लहान सर्वो मोटर सुरू होताना किंवा अडून राहिल्यास काही शे मिलिअँपिअर प्रवाह घेते. मोटरचा धन पुरवठा पिनेवरून घेतल्यास चिप निकामी होऊ शकते. तो बोर्डावरून घेतल्यास मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली येऊन मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू होऊ शकतो. मोटर हलताच आज्ञावली पहिल्यापासून सुरू होणे हे या दोषाचे नेहमीचे लक्षण आहे. आज्ञावलीत चूक शोधत बसण्यापूर्वी पुरवठा तपासणे म्हणूनच योग्य ठरते.

मोटरींसाठी स्वतंत्र ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा, त्याचे आणि मायक्रोकंट्रोलरचे ग्राउंड एकमेकांस जोडावे आणि मोटरजवळ ४७० ते १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, अशी सामान्य पद्धत आहे. ग्राउंड समाईक नसल्यास संकेताच्या व्होल्टेजला संदर्भ मिळत नाही आणि मोटर अनियंत्रितपणे हलते.

घड्याळाची अचूकता

पल्सची रुंदी मायक्रोकंट्रोलरच्या घड्याळावरून मोजली जात असल्याने घड्याळातील त्रुटी थेट कोनात उतरते. खर्च वाचवण्यासाठी एटीमेगा३२८पीचे अंतर्गत ८ मेगाहर्ट्झचे आरसी घड्याळ वापरल्यास कारखान्यात ठरवलेली त्याची अचूकता १० टक्क्यांपर्यंतच्या फरकाची असू शकते. अशा वेळी १,५०० मायक्रोसेकंदांची पल्स १,३५० ते १,६५० यांदरम्यान कोठेही येऊ शकते, म्हणजे १३.५ अंशांपर्यंत चूक संभवते. हे घड्याळ तापमान आणि व्होल्टेजनुसारही सरकते. अकोला व अमरावती भागात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि उन्हातील बंद पेटीत ते त्याहून अधिक असते. हिवाळ्यात जुळवलेला कोन उन्हाळ्यात तसाच राहील, असे म्हणून गृहीत धरता येत नाही. क्वार्ट्झ स्फटिक वापरल्यास ही अडचण जवळजवळ नाहीशी होते.

बिघाड आणि सुरक्षितता

तारेवर चालणाऱ्या खऱ्या सेमाफोर सिग्नलची रचना अशी असे की तार तुटल्यास वजनाच्या ओढीने हात आपोआप आडवा होई, म्हणजे ‘थांबा’ दाखवी. बिघाड झाल्यास यंत्रणेने सुरक्षित अवस्थेकडेच जावे, हे तत्त्व त्यात पाळलेले होते. सर्वो मोटरमध्ये हा गुण आपोआप येत नाही. संकेत किंवा वीज गेल्यास साधी सर्वो मोटर स्थान धरून ठेवणे थांबवते. मात्र गिअरमालेच्या घर्षणामुळे हलका हात आहे तेथेच राहतो. ‘पुढे जा’ दाखवताना वीज गेली, तर प्रतिकृतीचा सिग्नल ‘पुढे जा’ असाच दाखवत राहतो. प्रतिकृतीत यामुळे हानी होत नाही. पाण्याची झडप, यंत्राचे झाकण किंवा वायूची नळी यांबाबत मात्र हाच दोष धोकादायक ठरतो. त्यामुळे माणसाच्या सुरक्षिततेशी संबंधित कामात केवळ छंदी सर्वो मोटरवर विसंबून राहणे अयोग्य आहे.

धोका कमी करण्यासाठी पुढील उपाय योजले जातात.

१. स्प्रिंग किंवा प्रतिवजन : गिअरमालेच्या घर्षणावर मात करील इतक्या ताकदीची स्प्रिंग बसवल्यास वीज जाताच यंत्रणा सुरक्षित बाजूस जाते. नेहमीच्या वापरात या स्प्रिंगचा विरोध पेलण्याइतका टॉर्क मोटरकडे असावा लागतो.

२. स्थानाची स्वतंत्र खातरजमा : टोकाच्या जागी लहान स्विच बसवल्यास हात खरोखर तेथे पोहोचला की नाही हे मायक्रोकंट्रोलरला कळते. पोटेन्शिओमीटरची चौथी वायर बाहेर काढलेल्या मोटरीही मिळतात. ती वायर एटीमेगा३२८पीच्या १० बिटांच्या अॅनालॉग-डिजिटल परिवर्तकाला जोडून कोन वाचता येतो. ठरलेल्या वेळेत स्थान न मिळाल्यास पल्स बंद करावी, अन्यथा अडकलेली मोटर तापते किंवा गिअरचे दाते तुटतात.

३. वॉचडॉग टायमर : आज्ञावली अडकून पडल्यास हा टायमर मायक्रोकंट्रोलरला पुन्हा सुरू करतो.

४. सुरुवातीची ठरलेली अवस्था : वीज येताच मोटर नेमकी कोठे आहे हे मायक्रोकंट्रोलरला ठाऊक नसते. त्यामुळे पहिली पल्स मिळताच मोटर पूर्ण वेगाने त्या कोनाकडे झेपावते आणि या पहिल्या हालचालीचा वेग आज्ञावलीने कमी करता येत नाही. पहिला कोन नेहमी सुरक्षित अवस्थेचाच असावा आणि त्या मार्गात बोटे किंवा नाजूक भाग येणार नाहीत अशी रचना असावी.

सतत फिरणारी सर्वो मोटर

पोटेन्शिओमीटर शाफ्टपासून वेगळा करून मध्यावर स्थिर केल्यास, किंवा त्याजागी स्थिर रोधक बसवल्यास, मोटरला आपण कायम मध्यावरच आहोत असे भासते. मग १.५ मिलिसेकंदाच्या पल्सला ती थांबते, त्याहून रुंद पल्सला एका दिशेने आणि अरुंद पल्सला उलट दिशेने फिरत राहते. पल्स मध्यापासून जितकी दूर, तितका वेग काही मर्यादेपर्यंत वाढतो. या प्रकारात पल्स वेग ठरवते, परंतु कोनावरील नियंत्रण नाहीसे होते. तसेच भार वाढल्यास वेग घटतो, कारण वेग मोजणारे कोणतेही साधन तिच्यात नसते. लहान यंत्रमानवांच्या चाकांसाठी ही मोटर वापरली जाते.

औद्योगिक सर्वो मोटर

सीएनसी यंत्रे आणि कारखान्यांतील यंत्रमानव यांत वापरली जाणारी सर्वो मोटर वेगळ्या घडणीची असते. तिच्या शाफ्टवर एन्कोडर बसवलेला असतो. २,५०० रेषांचा एन्कोडर एका फेऱ्यात चौपट मोजणीने १०,००० स्थाने दाखवतो. तिच्या ड्राइव्हमध्ये एकात एक अशी तीन नियंत्रण वर्तुळे असतात : सर्वांत आत विद्युतप्रवाहाचे, त्याबाहेर वेगाचे आणि सर्वांत बाहेर स्थानाचे. त्यामुळे स्थान, वेग आणि टॉर्क या तिन्हींची स्वतंत्र आज्ञा देता येते. आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थान यांतील फरक मर्यादेबाहेर गेल्यास ड्राइव्ह मोटर थांबवून दोषाची सूचना देतो. आज्ञा पाळली गेल्याची खातरजमा करण्याची ही सोय लहान सर्वो मोटरमध्ये नसल्यानेच तेथे वरील उपाय बाहेरून योजावे लागतात.

उपयोग आणि शिक्षण

आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पामुळे देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत मायक्रोकंट्रोलर आणि यंत्रमानवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना चालना मिळाली. या प्रकल्पात वापरल्या गेलेल्या ‘फायर बर्ड ५’ या शैक्षणिक यंत्रमानवात एटीमेगा२५६० हा मायक्रोकंट्रोलर असून त्याला सर्वो मोटरी जोडण्याची सोय आहे.

शेतीशी संबंधित विद्यार्थी प्रकल्पांत पाव फेरा फिरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हची उघडझाप करण्यासाठी सर्वो मोटर निवडली जाते. व्हॉल्व्हला सुमारे ९० अंशांचीच हालचाल लागत असल्याने ही निवड सोयीची असते, मात्र टॉर्कचा अंदाज काळजीपूर्वक घ्यावा लागतो. दर्यापूर तालुक्यासह पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो आणि तेथील भूजल क्षारयुक्त आहे. अशा पाण्यात व्हॉल्व्हच्या आत क्षार साचून तो जड होऊ शकतो. त्यामुळे नव्या, कोरड्या व्हॉल्व्हवर मोजलेल्या टॉर्कपेक्षा पुरेशी अधिक क्षमता असलेली मोटर घेणे आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाल्याची खात्री स्विचद्वारे करणे आवश्यक असते. पल्स दिली गेली म्हणजे पाणी बंद झाले, असे मायक्रोकंट्रोलरच्या आज्ञावलीत गृहीत धरता येत नाही.